काकडीचा वास

जाळं वर आलं आणि बोटभर
चिरलेल्या काकडीचा वास सुटला.
मित्सुगीने इंजिन बंद केलं. म्हणाला, तीच आहे.
डेल्फिना म्हणाली, वास दोघींनाही येतो.

बोटाएवढी मासळी.
डेल्टाची निघाली तर पंप थांबतील,
दक्षिणेच्या बदामबागांचं पाणी अडेल.
वाकासागी निघाली तर कोण विचारतंय;
कधीकाळी जपानहून आणून सोडलेली.
हनुवटीखालचे ठिपके मोजा म्हणे, एक की दहा.
तडफडणाऱ्या, ओल्या हनुवटीखालचे.

तिने पाठीवरून कापूस फिरवला, हलक्या हाताने,
थोडी बुळबुळ घेतली, मासळी बादलीत सोडली.
नळी गरम केली. त्यात कागदाची पट्टी.
वीस मिनिटं.

मित्सुगी नदीकडे बघत बोलला:
बेचाळीस साली वॉलनट ग्रोव्हला
शेजारच्या दुकानदाराने कोटावर बिल्ला लावला,
मी चिनी आहे.
बाबांकडे बिल्ला नव्हता.
बस भरायला
वीस मिनिटंही लागली नाहीत.

डेल्फिना गप्प. तिने डोक्यावरची टोपी काढून
बादलीवर सावलीला धरली.

पट्टीवर रेघ उमटली. मग शेजारी,
फिकी, दुसरीही.
म्हणजे?
म्हणजे आई एक, बाप दुसरा.
आणि फॉर्मवर त्याला रकाना नाही.

तिने समासात पेन्सिलीने काही लिहिलं, खोडलं.
मित्सुगीने बादली उचलली, आणि
बोटीच्या कुठल्या बाजूला ओतावी
हेच त्याला कळेना.