सहावी पायरी

एकतीस वर्षं मी लोकांच्या दारात नोटिसा नेल्या.
पोचपावतीवर सही घेताना पेन माझाच असे.
कुणी अंगठा पुढे करायचं,
कुणी दाराआडून सांगायचं, "थे घरी नाही म्हणा."
मग मी लिफाफ्यावर लिहायचो : घेण्यास नकार.
वळणदार अक्षर होतं माझं.
नकार लिहिला की कोर्ट तीही पोच धरतं,
हे सांगणं माझ्या कामात बसत नव्हतं.

निवृत्त झालो. ग्रॅच्युइटीचे दोन गाळे झाले
बोरखडी फाट्यावर, वर एक खोली, बाहेरून जिना.
मिस्त्री ओळंब्याला पक्का, पण कुठे तरी माप चुकलं,
खालून सहावी पायरी दोन बोटं उंच आली.
"काई होत नाही बापू, पायाले सवय होते."
झाली. माझ्या पायांना झाली.
कठड्याचं म्हणालो, लोखंडाचा भाव उतरू द्या.

वरची खोली मंदोदरी गेडामच्या शिवणक्लासला दिली.
अकरा महिने, पाचशेचा स्टॅम्प,
कलम चार : किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी.
पायरी किरकोळ की कशी, ते लिहायचं राहून गेलं.

पंचफुला ढोके ब्लाउजचं माप द्यायला आली होती.
उतरताना पडली.
खुबा.
यवतमाळच्या दवाखान्यात संत्री घेऊन गेलो
तर वकीलसाहेब कपाळाला हात लावून म्हणाले,
"संत्री कायले नेली? कबुली होते ना थे."

मग एका मंगळवारी देवानंद आला सायकलवर.
बीटावर मीच फिरवून शिकवलेला पोरगा.
रजिस्टर पुढे केलं, मान खाली.
म्हणाला, "काका, नंतर येऊ का?"
ते तीन शब्द तेव्हा माझ्या जिभेवर होते,
दोन्हीकडून ओळखीचे झालेले.
खिशातलं पेन काढलं आणि सही केली.
अक्षर बिघडलं होतं.

मंदोदरीने जबाबात सांगितलं, मी तीनदा बोलले होते.
दोनदा मला आठवतं.
तिसऱ्यांदा बोलली नसेल असं मात्र शपथेवर
सांगवलं नाही. वकील नाराज झाले.

आता गंमत ऐका. मिस्त्रीला बोलावलं, घमेलं आलं,
सिमेंट कालवलं, आणि फोन आला :
"पायरीला हात लावू नका. पुरावा आहे ती.
कोर्ट कमिशनर टेप घेऊन येतील, तोवर जशीच्या तशी."
सात महिने झाले.
कालवलेलं सिमेंट घमेल्यासकट दगड झालं.

पायरीला मी लाल पट्टा मारला. त्यावरही विचारणा झाली,
कुणाच्या परवानगीने.
म्हणून सहाला क्लास सुटतो तेव्हा जिन्याखाली उभा राहतो.
वरून पोरी येतात, हातात कापडं, तोंडात टाचण्या.
मी ओरडतो, "जपून, आता थे आहे!"
त्या हसतात. एक जण उडीच मारते.

दारव्ह्याच्या कोर्टाला बाहेरून नऊ पायऱ्या.
मागच्या तारखेला पंचफुलाबाई वॉकर घेऊन चढत होत्या.
माझा हात पुढे गेला, वकील खाकरले,
हात मी खिशात घातला.
सहावीवर त्या थांबल्या,
वॉकरच्या पायाने पायरी ठोकून पाहिली,
माझ्याकडे न बघता बोलल्या,
"हे बरोबर हाये, बापू."