आतून कडी

मी दुभाषी. मसालीतमधून फ्रेंच, फ्रेंचमधून परत मसालीत.
मधल्या वाटेत जे सांडतं
ते कुठल्या रजिस्टरात चढत नाही.

आज ताडपत्रीखाली चाळीस बायका,
तीन अंगावर पिणारी पोरं,
आणि एन्जामेनाहून आलेल्या बाई,
बुटांवर पूर्व चाडची पहिलीच धूळ.
त्यांनी तो शब्द उच्चारला. लांबलचक,
खळ घातलेल्या कापडासारखा ताठ.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तसा शब्द आमच्याकडे नाही.
ज्वारीची दोन मापं सारखी असतात, एवढंच मला ठाऊक.
म्हटलं, "त्या म्हणतात, बाई न् पुरुष एकाच मापाचे."
कलतूमा मागे बसली होती. फिस्कन हसली.
"मग माझं माप अब्देलबनातच्या कार्डावर का?"

अब्देलबनात सरहद्दीपलीकडे गेला, गुरं शोधायला.
दोन रमजान झाले.
कार्डावर तोच कुटुंबप्रमुख, आणि कार्ड दिराच्या खिशात.
दर महिन्याला ती दिराच्या झोपडीसमोर उभी राहते;
तो आधी आपल्या बाटलीत तेल ओततो,
उरलेलं तिला.

बाईंनी लिहून घेतलं. अक्षर सुरेख होतं.
"आणखी कोणाचं काही?"

अश्ता सतरा वर्षांची.
अद्रेपासून इथवर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.
"संडासाची कडी," ती म्हणाली,
"बाहेरून आहे."

मी तोंड उघडलं.
फ्रेंचमध्ये कडीला शब्द आहे, बाहेरला आहे,
रात्रीलाही आहे.
तिन्ही सांधून जे होतं
ते माझ्याच्यानं सांधवेना.
तिच्या आईनं लाफाय डोळ्यांवर ओढून घेतली.
बाई पेन धरून वाट पाहत राहिल्या.
शेवटी मी नुसतं, शब्दाला शब्द, सांगितलं.

महिन्याभरानं अहवाल आला: सल्लामसलत पूर्ण, सहभागी महिला चाळीस.
सुतार आला नाही.
कलतूमानं भाजीच्या सुरीनं स्क्रू काढले,
सहा दारं, एका दुपारी,
कडी उलटी बसवली. सहावी जरा वाकडी.
अश्ता आत गेली, कडी लावली,
काढली,
परत लावली.
आम्ही बाहेर उभ्या राहून तो आवाज ऐकला.

आता तो लांबलचक शब्द आला
की मी म्हणते: आतून कडी.
कुणी माझ्याकडे बघत नाही, माना हलतात.

कार्ड अजून दिराच्या खिशात आहे.