निरोप

कारखान्यात आम्ही समोरासमोर उभ्या असायचो,
मध्ये सरकता पट्टा, पट्ट्यावर सामन मासे.
मी पोटं साफ करायचे,
इस्मेनिया चिमट्याने काटे उपटायची.
दोघींच्या कानांत बोळे,
तरी तिचे ओठ हलत असायचे.
मला वाटायचं, जपमाळ ओढतेय.
जेवणाच्या सुट्टीत एकदा विचारलं.
म्हणाली, "पट्टा सात मात्रांचा आहे गं.
सातव्याला अडखळतो.
तिथे शब्द बसतो."

रेडिओचं मग तिनेच सांगितलं.
चिलोएच्या त्या लहान बेटांवर तेव्हा फोन नव्हते.
संध्याकाळी सहाला घर चुलीपाशी गोळा व्हायचं
आणि निवेदक निरोप वाचायचा,
सगळे एकाच आवाजात, बाजारभाव वाचावेत तसे:
ओनोफ्रेला, मंगळवारी होडी घेऊन धक्क्यावर ये,
पिठाची पोती आली आहेत.
क्लोरिंदाच्या सासूला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.
नाव न सांगणाऱ्या बाईकडून,
ज्याला कळायचं त्याला:
आता येऊ नकोस.

हे ऐकलं आणि तिची आई उठली,
काही कारण नसताना
लाकडं मोजू लागली.
इस्मेनिया नऊ वर्षांची होती.
"माझं पहिलं गाणं ते," ती म्हणते,
"कागदावर यायला फक्त बावीस वर्षं लागली."

माशांना रोग आला, कारखान्याला कुलूप लागलं.
भरपाईच्या पैशात मी फ्रिज घेतला,
तिने एक माइक आणि रेकॉर्डर.
लोक माझ्या फ्रिजचं कौतुक करायचे.
ती खिडकीला गादी टेकवून स्वयंपाकघरात गायची,
किटली शिट्टी घालायची, ती पुन्हा पहिल्यापासून.
शेवटी किटली तशीच ठेवली.

सांतियागोहून एक गृहस्थ आला, चांगले बूट घालून.
म्हणाला, आवाज सोन्यासारखा आहे,
पण ढोल हवा, वेग हवा,
आणि बेटावरची आहेस तर
एखादी जलपरी, एखादं भुताचं जहाज घाल की.
तिने त्याला शिंपल्यांचं कालवण वाढलं,
दुसऱ्यांदाही वाढलं,
धक्क्यापर्यंत सोडायला गेली
आणि नाही म्हणाली.
बुटांचं मात्र वाटोळं झालं.

मार्चमध्ये तिच्या मामाने घर हलवलं.
आमच्याकडे माणसं नाही, घरंच स्थलांतर करतात:
खाली ओंडके, पुढे बैलांच्या जोड्या,
ओहोटीची वेळ साधून
अख्खं घर खाडीपलीकडे.
सगळा गाव दोर ओढत होता.
ही आत,
रिकाम्या माजघरात रेकॉर्डर घेऊन पालथी पडलेली.
तुळया कण्हत होत्या, एक विसरलेला पेला
फळीवर किणकिणत होता,
बाहेरून माणसांचं हुं... हुं...
सीडीवर हे दुसरं आहे. त्यात एकही शब्द नाही.
लोक मला विचारतात, यात गाणं कुठे आहे?
मी सांगते, घर पोचेपर्यंत थांबा.

हो, सीडी मी विकते.
बिस्किटांचा डबा हाच गल्ला.
कास्त्रोच्या अग्निशमन दलाच्या सभागृहात
अकरा माणसं होती, दोन झोपलेली.
संपल्यावर एक म्हातारा टेबलाशी आला,
टोपी हातात, बोटं जाळी ओढून वाकलेली.
सीडी उलटीपालटी केली,
वाचता येत नसावं, किंवा चष्मा नसावा.
म्हणाला, "ते निरोपाचं गाणं...
ती बाई कोण, ते हिला माहीत आहे का?"

मागे इस्मेनिया तार सैल करत होती.
मी म्हटलं, माहीत नाही.
त्याने सुटी नाणी मोजून दिली,
एकही कमी नाही, एकही जास्त नाही,
आणि शेवटची होडी गाठायला गेला.

तिला अजून सांगितलेलं नाही.
सांगायला जाते
आणि सातव्या मात्रेला अडखळते.