टेबल नंबर अकरा

शिवाजीनगर कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टेबल.
भाडेकरार, नावातला बदल, हरवलेली मार्कलिस्ट,
संमतीने घटस्फोट. सगळं पानाला चाळीस रुपये.
मरणाचं काम त्या दिवशी पहिल्यांदा आलं.

शितोळेबाई रिक्षातून उतरल्या नाहीत,
उतरवल्या गेल्या.
हडपसरच्या शाळेत एकतीस वर्षं भूमिती.
आता हात मांडीवर, कुणी विसरून गेलेल्या
हातमोज्यांसारखे. जीभ जड.
त्या बोलायच्या आणि भाची मला
मराठीचं मराठीत सांगायची.

"लिहा. गिळणं थांबेल तेव्हा नळी नको.
श्वास थांबेल तेव्हा यंत्र नको."
लिहिलं. हे चालतं. कोर्टानेच चालवलंय.
"आणि लिहा, त्याच्याही आधी,
मी सांगेन त्या दिवशी
डॉक्टरांनी मला औषध द्यावं.
झोपेचं. न उठायचं."

तेही टाइप झालं. मग बोटं थांबली.
बाई, हे नाही चालत.
काढून घ्या म्हणता येतं,
द्या म्हणता येत नाही.

"म्हणजे उपाशी गेलेलं चालतं."
हे भाचीने सांगितलं नाही.
मला कळलं.

गायकवाड वकील अर्धा चहा हातात धरून
मागे उभे होते, त्यांना राहवलं नाही.
"दार नुसतं किलकिलं करा,
सातबाऱ्यावर नाव असलेला प्रत्येक म्हातारा
आठ दिवसांत आपणहून मरायला तयार होईल."
खोटं नाही. वाटणीपत्रं मीच टाइप करतो.
आई बाहेर बाकड्यावर शेंगा सोलत बसलेली
आणि मसुद्यात तिच्या नावामागे 'कै.',
असंही पाहिलंय.

बाई हसल्या असाव्यात. ओठांची एकच बाजू हलली.
"माझ्या नावावर पेन्शन आहे, साहेब.
मी गेले तर हिचंच नुकसान."
भाची टेबलावरच्या टाचण्या
एकेक करून डबीत भरत राहिली.

माझ्या वडिलांच्या वेळी
मी एकोणीस दिवस 'चालू ठेवा' म्हणालो.
एकोणीस दिवस त्यांचे हात
पलंगाच्या दांडीला पट्टीने बांधलेले,
नळी उपटू नये म्हणून.
लोक म्हणाले, मुलाने काही कमी केलं नाही.
खरंय.
काहीच कमी केलं नाही.

आळंदी इथून बसने तासाभरावर.
आपण होऊन मिटून घेतलेल्या त्या दारापुढे
मी लहानपणापासून हात जोडतो. गायकवाडही जोडतात.
तिथे आम्हाला कुठलंच कलम आठवत नाही.

ते वाक्य मी काढलं.
कर्सर उलटा सरकत गेला:
उठायचं, न, झोपेचं, द्यावं, औषध.
'मी सांगेन त्या दिवशी' एवढं
शेवटपर्यंत पडद्यावर राहिलं.
मग तेही.

प्रिंट बाईंच्या डोळ्यांपुढे धरली.
खूप वेळ वाचली. भुवई वर गेली.
"ईच्छापत्र लिहिलंत. इ ऱ्हस्व.
इच्छेतला इ ऱ्हस्वच असतो."
दुसऱ्या प्रिंटचे पैसे घेतले नाहीत.

साक्षीदार दोन लागतात. एक मी.
दुसरी सही गायकवाडांनी केली,
चहा खाली ठेवून, काही न बोलता.
सहीच्या जागी बाईंचा अंगठा.
'सही नीट करा रे' म्हणून
ज्यांनी वर्गच्या वर्ग ओरडून काढले, त्यांचा.
भाचीने तो उचलून शाईवर टेकवला,
मग कागदावर. रेघा स्वच्छ उमटल्या.

पुसायला मी रुमाल दिला.
"राहू दे," बाई म्हणाल्या,
"दोन दिवस दिसू दे."

रिक्षा संचेतीच्या पुलाकडे वळली.
मागच्या माणसाला भाडेकरार हवा होता.
अकरा महिन्यांचा.