मुका खांब

क्रोशात खांब दोन तऱ्हेचे, रूथबाई सांगते.
एक सुईवर वेढा घेऊन उभा राहतो, उंच, ऐटीत.
दुसरा वेढ्याविना, बुटका. तो मुका खांब.
"मुका म्हणजे तो दुसराच ना?" सगुणा तांबट फिसकन हसली
आणि बारा बायकांच्या मांडीवरची जाळी हलली.
रूथबाई हसली नाही. शरणपुरात तिच्या आईनं
वेदीच्या कापडाला किनार घालताना शिकवलं होतं ते:
बोलत नाही, पण धरून ठेवतो.

मी नोटप्रेसमधली. नाशिकरोड, मोजणी खातं, एकतीस वर्षं.
एक कागद कमी भरला तर दार उघडत नसत.
बाहेर नवरे सायकली धरून,
आत आम्ही ओल्या स्पंजावर बोट टेकून
पुन्हा एकपासून.

मला सुई धरता येईना, म्हणून इथंही मोजायलाच बसवलं.

दोरा पिंपळगावचा, द्राक्षाच्या मांडवातून उरलेला,
नेहमीच्या सुईला आवरेना.
सगुणाच्या नवऱ्यानं तांब्याच्या कांबीला आकडे ठोकून दिले.
संध्याकाळी सगळ्यांची बोटं हिरवी.
पंचवटीकडून एक पट्टा, कोकणीपुऱ्याकडून एक,
गोदेवरच्या पुलाच्या कठड्याला, मधोमध जोडायचा.
पाच साखळ्या, खांब, पाच साखळ्या, खांब,
आणि बाजारातल्या त्या रात्री जे गेले
त्यांच्यामागं प्रत्येकी एक मुका.
नाव नाही. नाव आलं की आडनाव येतं,
आडनाव आलं की गल्ली.

पेपरात नऊ होते.
पहिल्या आठवड्यात मी मोजले: नऊ. सही केली.
दुसऱ्या आठवड्यात अकरा.
माझा आवाज चढला, तशी मेहरुन्निसा
मान वर न करता म्हणाली,
"दोघं दवाखान्यात गेले. महिन्यानं.
तोवर पेपर रद्दीत गेला होता."
ठीक. अकरा.

मग बारा.
हा कुल्फीवाला. मेला नव्हता,
गाडी जळाली आणि शहर सोडून गेला, परत आला नाही.
तो धरायचा का, यावर दोन दिवस भांडण,
चहा गार, सुया थांबलेल्या,
आणि तिसऱ्या दिवशी ज्यांनी नको म्हटलं होतं
त्यांच्याच बाजूला तेरावा.
मी विचारलं नाही.
मग सोळा. सतरा.
सतराव्याचा हात नवखा होता, टाका सैल,
कुणा पोरीचा असेल, त्या रात्रीनंतर जन्मलेल्या.

आयुष्यभर मी जास्तीचा कागद
कमी कागदाइतकाच घाबरून हातात धरला.
जास्तीचा म्हणजे कुठंतरी चोरी.
इथं रोज एक जास्त निघे
आणि कुणाच्या खिशातून काही गेलेलं नसे.

शेवटच्या दुपारी रूथबाईकडून मी एकच टाका शिकून घेतला.
चारदा उसवला.
अठरावा माझा. कुणासाठी, ते विचारू नका,
त्याचं नाव मुकाच आहे.

दोन पट्टे पुलावर भेटले तेव्हा वीतभर कमी पडले.
एकीकडचा हात घट्ट होता, एकीकडचा सैल,
एवढंच. दोष कुणाचा नाही, हातांचा स्वभाव.
मेहरुन्निसानं उभ्याउभ्या वीत भरली,
कठड्यावर वाकून, वाऱ्यात पदर आवरत,
आणि कात्री कुणालाच सापडेना म्हणून
दोरा दातानं तोडला.
शेवटच्या खांबाला तिचे ओठ लागले.
सगुणानं ते पाहिलं. ह्या वेळी हसली नाही.

महापालिकेचा माणूस वही घेऊन आला:
लांबी किती, वजन किती, एकूण नग?
लांबी सांगितली. वजन सांगितलं.
नगाच्या रकान्यात मी लिहिलं, मोजणी चालू.
तो म्हणाला, असं लिहीत नसतात बाई.
माहीत आहे, म्हटलं. एकतीस वर्षं माहीत आहे.

सायकलवरची दोन पोरं जाळीतून बोटं घालून
नदी बघत होती. ऊन कलत होतं.
पुलावर भोकाभोकांची सावली पडली होती
आणि माणसं तिच्यावरून
नेहमीसारखी, भाजी घेऊन, घरी चालली होती.