बाळेशची कॅसेट

बाळेशच्या टेम्पोत एकच कॅसेट.
निपाणी ते हुक्केरी, उलटून पालटून तीच.
मला कानडी बाजारापुरतं यायचं,
एष्टु, बेड, साकु.
चाल अशी नाचरी, वाटायचं
लग्नाचंच असणार.
विड्या वळताना गुणगुणत राहिले वर्षानुवर्षं,
लेकीच्या हळदीतसुद्धा म्हटलं की मी,
आणि कानडी पाहुण्या बायका
एकमेकींकडं बघत राहिल्या.

काल नीलव्वाला विचारलं.
तिनं तंबाखूचे हात पदराला पुसले.
अक्का, त्यात काहीच नाही गं, म्हणाली.
दारातनं निघताना आपण म्हणतो ना, होगि बर्तेनि,
जाऊन येतो.
त्या गाण्यात बर्तेनि नाही.
नुसतं होगतेनि, होगतेनि.
चार कडवी.

मी पानं कातरत बसले. दोन वाकडी कातरली.

संकेश्वरच्या स्टँडवर, पोत्यांवर ताडपत्री ओढून
बाळेश काहीतरी म्हणाला होता.
टेम्पो चालूच होता.
मला एकच शब्द ऐकू आला,
दुसरा इंजिनात गेला असेल
असं समजून
मी हात हलवला,
म्हटलं, ये.