मोड

डॉक्टरने विचारलं होतं, औषधं कुठली चालू?
काहीच नाही, म्हणाल्या कौतिकबाई.
सांध्यांसाठी घेतलेल्या सुया
वीस वर्षांनी कोण मोजतं;
दर बुधवारी पारोळ्याची एस.टी.,
कमरेत एक टोचणी,
सोन्याची आहे बरं, म्हणायचा कंपाउंडर.

नातीच्या हळदीआधी
गालावरचे वांग जावेत, एवढंच होतं.
जळगावात लेसर मारला,
टिक, टिक,
जिथं उजेड पडला
तिथं निळं उमटलं
मतदानाच्या शाईसारखं.

सराफ बाजारातून परतताना
एका काचेशी थांबल्या.
पदर गालावर ओढला,
मग सोडला.

"मन्हा आंगमा सोनं से,
मोडता येत नही, इतलंच."

जाऊ आत
पाटल्यांचा भाव विचारत होती.